पाकिटातला तक्ता आणि गस्तीवरचा शिपाई

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी पोलीस अंमलदारांसाठी भरलेल्या वर्गात फौजदारी वकील म्हणून दोन तास बोलण्यासाठी मला बोलावले होते. चहाच्या सुट्टीत एका तरुण शिपायाने पाकिटातून पत्त्याच्या पानाएवढा, लॅमिनेट केलेला एक तक्ता काढून दाखवला. डाव्या रकान्यात जुनी कलमे, उजव्या रकान्यात नवी; म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची. ३०२ चे १०३, ३०७ चे १०९, ३७९ चे ३०३, ४२० चे ३१८, ३५३ चे १३२, आणि जमावबंदीच्या १४४ चे १६३. तक्ता त्याला तोंडपाठ होता. मी मधलाच कुठलाही आकडा उच्चारावा आणि त्याने त्याचा जोडीदार सांगावा, असा खेळ आम्ही दोन मिनिटे खेळलो. मग मी त्याला विचारले, आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या टोपलीतला साडेचार हजारांचा मोबाइल गेला आणि ती तुमच्याकडे आली, तर काय कराल? "तीनशे तीन दाखल," तो म्हणाला, "आणि पोरगं सापडलं तर उचलायचं, वकीलसाहेब." आकडा बरोबर होता. त्यापुढचे सगळे चुकले होते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची आहे. एवढे बहुतेक वर्गांत सांगितले जाते, कारण सामुदायिक सेवा नवलाईची आहे आणि वर्तमानपत्रांतही तिचीच चर्चा झाली. सांगायचे राहते ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीतल्या एका रकान्यात दडलेले आहे. पाच हजारांखालची चोरी तिथे अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवली आहे. जुन्या कायद्यात चोरी पाच रुपयांची असो की पाच लाखांची, ती दखलपात्रच होती. म्हणजे ज्या पोराला उचलायला हा शिपाई निघाला होता, त्याला वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार १ जुलै २०२४ पासून सर्वसाधारणपणे त्याच्याकडे उरलेला नाही, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून त्या चोरीचा तपासही करता येत नाही. पोराने नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा तो खोटा सांगितल्याचा संशय आला, तर कलम ३९ खाली खात्री होईपर्यंत त्याला ताब्यात घेता येते; पण ही पळवाट अपवादाची आहे, आणि ती वापरली तर तसे कागदावर यावे लागते.

आता हाच मोबाइल, हीच बाई, पण प्रसंग एसटीतला घ्या. प्रवासी किंवा माल वाहून नेणाऱ्या वाहनातून कोणतीही वस्तू चोरणे हा न्याय संहितेच्या कलम ३०५ खालचा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या कलम ३८० मध्ये घर, तंबू आणि जहाज एवढेच होते. बस, रिक्षा, टेम्पो हे नव्याने आले. इथे किंमत किती हा प्रश्नच उरत नाही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिवाय ज्या गुन्ह्यांना सात वर्षे किंवा अधिक शिक्षा आहे त्यांच्या घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने भेट द्यावी, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७६(३) सांगते. राज्यांना ही तरतूद लागू करण्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे हे खरे, पण अक्षरार्थ घेतला तर एसटीत गेलेल्या साडेचार हजारांच्या मोबाइलसाठी तज्ज्ञ येणार, आणि बसथांब्यावर गेलेल्या त्याच मोबाइलसाठी शिपायालासुद्धा हात बांधून उभे राहावे लागणार. तिसरी शक्यताही आहे. मोबाइल 'अचानक, झटकन किंवा बळाने' घेतला असेल तर न्याय संहितेच्या कलम ३०४ ची हिसकावणी होते, आणि तीही किमतीवाचून दखलपात्र आहे. टोपलीतून अलगद काढला की झटकन उचलला, बाई एसटीच्या पायरीवर होती की खाली, या दोन-तीन शब्दांवर सगळा मामला फिरतो. ते शब्द पहिल्यांदा कोण ऐकतो आणि लिहून घेतो? गस्तीवरचा शिपाई.

वर्गात मी एवढे सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या एका हवालदाराने विचारले, "पण मोबाइलची किंमत ठरवायची कुणी?" बाईकडे बिल नसते. मोबाइल दोन वर्षांपूर्वी दहा हजारांना घेतलेला असतो, किंवा भाच्याने जुना दिलेला असतो. तिचा सगळा हिशेब, गिऱ्हाइकांचे नंबर आणि यूपीआय त्यात असते, आणि बाजारात त्याला आज तीन हजारही येणार नाहीत. किंमत घेतल्यावेळची धरायची, आजची धरायची, की बाई सांगेल ती? कायद्याच्या शब्दांत याचे उत्तर नाही. हवालदाराचा प्रश्न त्या दिवशीच्या वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि माझ्याकडे त्याचे नेमके उत्तर नव्हते, हेही इथे कबूल करतो.

फौजदारी कायद्यातील बदलांचे प्रशिक्षण आपण शिपायाला भाषांतराच्या कोष्टकासारखे दिले, असे माझे म्हणणे आहे. जुना आकडा, नवा आकडा. परंतु आकडा बदलणे हा या बदलाचा सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग होता. गुन्हा नोंदवताना संगणकावर कलम निवडायचे असते, चुकले तर तिथे कुणीतरी दुरुस्त करते. रस्त्यावर शिपायाला आकडा लागतच नाही. त्याला लागतात ती चार-पाच उत्तरे: या माणसाला थांबवू का, याच्या खिशाला हात लावू का, याला ठाण्यात नेऊ का, हे मोबाइलवर चित्रित करू का, आणि वहीत काय लिहू. या प्रत्येक उत्तराची सीमा नव्या संहितांनी थोडी थोडी हलवली आहे, कुठे पुढे तर कुठे मागे, आणि तक्त्यात त्यातले काहीच दिसत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खात्यातले अनुभवी लोकच घेतात, म्हणून त्याला बगल देता येत नाही. कलम लावणे हे ठाणे अंमलदाराचे आणि फौजदाराचे काम. शिपायाने माणूस ठाण्यात आणावा, पुढचे साहेब पाहतील. त्याच्या डोक्यात कायद्याचा किस कशाला भरायचा? या म्हणण्यात व्यवहाराचा अंश आहे. दिवसभर बंदोबस्त, रात्री नाकाबंदी, मध्येच डायल ११२ चा कॉल, अशा माणसाने न्याय संहितेची ३५८ कलमे वाचावीत ही अपेक्षा कुणीच करू नये. पण 'माणूस ठाण्यात आणावा' हे वाक्यच तपासून पाहा. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठाण्यात आणणे म्हणजे त्याचे स्वातंत्र्य काढून घेणे, आणि ते कायद्याने काढून घेतले की नाही हे त्या क्षणी ठरते. साहेब पुढे जे पाहणार ते शिपायाने आधीच करून ठेवलेले असते. न्यायालयात आम्ही वकील अटक बेकायदा असल्याचा मुद्दा मांडतो, तेव्हा बहुतेक वेळा आमचे बोट त्या पहिल्या अर्ध्या तासाकडेच असते.

या राज्यातल्या वाचकांना यासाठी फार दूर जावे लागणार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघरच्या एका तरुणीला, आणि त्या लिखाणाला पसंती दिल्यामुळे तिच्या मैत्रिणीला अटक झाली. इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह लिखाणाला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ त्यात लावले होते. पुढे पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि त्या अटकांमुळेच ६६अ विरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. गोष्ट इथे संपायला हवी होती. परंतु जुलै २०२१ मध्ये, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळानंतर, देशभर त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होत असल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाला धक्का व्यक्त करावा लागला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाला, या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, असा आदेश नव्याने द्यावा लागला. पोलिसांनी मुद्दाम न्यायालयाचा अवमान केला, असे मला वाटत नाही. कलम छापील पुस्तकात तसेच होते, तळटीप बारीक अक्षरात होती, आणि कायदा मेल्याची बातमी ठाण्यापर्यंत पोहोचवण्याची कोणतीच पक्की वाट आपल्या व्यवस्थेत नव्हती. ती आजही नाही.

त्यामुळेच १ जुलै २०२४ च्या आधी 'प्रशिक्षण पूर्ण झाले' असे जे सांगितले गेले, ते मला अर्धेच पटते. या दोन संहिता आणि नवा साक्ष कायदा अशा तिन्ही कायद्यांना डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, फेब्रुवारीत अंमलाची तारीख ठरली. त्यानंतरच्या चार महिन्यांत महाराष्ट्रात लोकसभेचे मतदान पाच टप्प्यांत झाले, मग निकालाचा बंदोबस्त आला, आणि जुलै उजाडला तेव्हा आषाढी वारी वाटेवर होती. शिपाई कुठे होता हे ज्याला माहीत आहे, त्याला हे प्रशिक्षण कसे उरकले गेले असेल हेही समजते. केंद्राच्या पातळीवर साहित्य तयार झाले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे 'संकलन' नावाचे ॲप आले, ऑनलाइन अभ्यासक्रम आले. ॲप उपयोगी आहे, मीही ते वापरतो. पण तेही मुळात कोष्टकच आहे, जरा शहाणे कोष्टक.

पहिल्याच रात्री काय झाले ते आठवून पाहा. नवे कायदे लागू झाल्यानंतर काही तासांतच दिल्लीत कमला मार्केट पोलीस ठाण्यात, नवी दिल्ली रेल्वे स्थानकाजवळ पाणी आणि तंबाखूचे पदार्थ विकणाऱ्या एका हातगाडीवाल्यावर सार्वजनिक रस्त्यात अडथळा आणल्याबद्दल कलम २८५ खाली गुन्हा नोंदवला गेला. रात्रीच्या गस्तीवर असलेल्या पोलिसांनी तो पाहिला होता. दिवसभर बातमी फिरली की नव्या संहितेखालचा देशातला पहिला गुन्हेगार हा एक फेरीवाला आहे. संध्याकाळच्या आत गृहमंत्री अमित शाह यांना सांगावे लागले की पहिला गुन्हा ग्वाल्हेरला रात्री १२ वाजून १० मिनिटांनी नोंदवलेला मोटारसायकल चोरीचा आहे, आणि दिल्लीचे प्रकरण पोलिसांनी फेरतपासणी करून निकाली काढले आहे. पहिला कोण, या वादात मला रस नाही. मला त्या गस्तीवरच्या माणसाचा विचार करावासा वाटतो. त्याला नवा आकडा बरोबर माहीत होता, जुन्या २८३ चे २८५ झाले हे त्याने अचूक लावले होते. जुन्या कलमात दोनशे रुपयांपर्यंत असलेला दंड आता पाच हजारांपर्यंत गेला आहे, हेही कदाचित त्याला ठाऊक असेल. मध्यरात्री, एका फेरीवाल्यावर, हे कलम वापरावे का, २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा त्या माणसाला काही संरक्षण देतो का, नुसते बाजूला हो म्हणून सांगून भागेल का, हे त्याला कुणी शिकवले होते की नाही, एवढाच प्रश्न आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ ने पोलिसांच्या कायदेशीर सूचना पाळणे बंधनकारक केले आहे, आणि न पाळणाऱ्याला तिथून हटवण्याचा किंवा ताब्यात घेण्याचा अधिकार दिला आहे. किरकोळ प्रकरणात त्याला चोवीस तासांच्या आत सोडून देता येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ आणि ६९ मध्ये असा अधिकार आपल्याकडे १९५१ पासूनच आहे. देशातल्या अनेकांना जे नवे वाटले ते आपल्या शिपायाला जुनेच होते, आणि एवढे साधे वाक्यसुद्धा मी ऐकलेल्या कोणत्याही वर्गात कुणी उच्चारले नाही, कारण अभ्यासक्रम वरून आला होता आणि वर महाराष्ट्राचा कायदा नसतो.

राज्याच्या कायद्याचा हा धागा आणखी एका ठिकाणी शिपायाच्या अगदी अंगाशी येतो. सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर करून त्याला कर्तव्यापासून रोखणे, म्हणजे जुने ३५३, हा महाराष्ट्रातल्या पोलिसांचा स्वतःच्या बचावाचा गुन्हा. राज्याने दुरुस्ती करून त्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती. मूळ दंड संहिताच गेली तेव्हा तिच्यावरचे राज्याचे हे ठिगळही गेले, आणि न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये शिक्षा पुन्हा दोन वर्षांपर्यंतच आहे. तक्ता सांगतो, ३५३ चे १३२. त्यात तीन वर्षे गळाली, हे तक्ता सांगत नाही. आता याला नागरिक सुरक्षा संहितेचे नवे कलम ३५(७) जोडून पाहा. ज्या गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी आहे आणि आरोपी साठ वर्षांवरचा किंवा दुर्बल आहे, त्यात पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय अटक करता येत नाही. नाकाबंदीत पासष्ट वर्षांच्या गृहस्थांनी शिपायाची कॉलर धरली, तर प्रसंग असा होतो की गुन्हा दखलपात्र आहे, तो शिपायासमोर आणि शिपायावरच घडला आहे, आणि तरीही अटकेआधी उपअधीक्षकांना, शहरात सहायक आयुक्तांना, विचारावे लागते. ही तरतूद मला योग्य वाटते. म्हातारी आणि आजारी माणसे किरकोळ कारणांवरून कोठडीत जाऊ नयेत. पण ज्याची कॉलर धरली गेली आहे त्याला ती आधी, शांत डोक्याने, कारणांसहित समजावून सांगितली पाहिजे. रात्री एक वाजता, चारचौघांत अपमान झाल्यावर, कायद्याचा नवा संयम कुणालाही सुचत नाही.

अटकेच्या बाबतीत तर संहितेच्या पुस्तकावरही थांबून चालत नाही, कारण न्यायालये दर काही महिन्यांनी नवे काही सांगत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस, म्हणजे आपल्याकडे अजूनही सगळे जिला '४१अ ची नोटीस' म्हणतात ती, व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही. त्याच संहितेत न्यायालयाचे समन्स मात्र इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावण्याची सोय आहे. दोन्ही कागद बहुधा एकच शिपाई घेऊन फिरतो. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईत वरळीला झालेल्या एका अपघाताच्या प्रकरणात, न्यायालयाने ठरवले की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे अटक झालेल्या माणसाला त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायला हवीत. ताबडतोब शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद त्याच्या हाती पडला पाहिजे. 'त्याला समजणाऱ्या भाषेत' हे शब्द महाराष्ट्रात हलके नाहीत. भिवंडीत, चंद्रपुरात, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत पकडलेला माणूस भोजपुरी, तेलुगू, ओडिया, गोंडी काहीही बोलणारा असू शकतो. ठाण्यात मराठी नमुना तयार असतो, त्यावर सही घेतली जाते, आणि सही घेतली की काम झाले अशी समजूत असते. आता त्या सहीवरच अटक मोडू शकते.

मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या एका कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने नेमके प्रशिक्षणावरच बोट ठेवले. राज्यघटना लागू होऊन पंचाहत्तर वर्षे झाल्यावर तरी पोलिसांना तिच्यातले मूल्य कळले पाहिजे, आणि कळत नसेल तर राज्याने त्यासाठी मोठे प्रशिक्षण कार्यक्रम घ्यावेत, असा त्या निकालाचा आशय होता. बोलण्या-लिहिण्याशी संबंधित, तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याचा मार्ग आहे, याची आठवणही न्यायालयाने करून दिली. तक्रारदाराच्या मागे पन्नास माणसांचा घोळका ठाण्याच्या दारात उभा असताना हा मार्ग कुणाला आठवणार, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. प्रशिक्षणापुढे मात्र तो आहे.

घोळक्याचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. बरोबर सहा वर्षांनी त्याच तारखेला लागू झालेल्या न्याय संहितेत कलम १०३(२) आले. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तशाच अन्य कारणावरून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा मृत्युदंड. राईनपाड्यासारख्या प्रसंगी हे कलम लागेल का? 'मुले पळवणारे' हा संशय त्या यादीत नाही. मात्र संशय आला कशावरून, तर त्यांच्या वेशावरून, परक्या बोलीवरून, ते भटके आहेत यावरून, असे सिद्ध झाले तर चित्र बदलते. ते सिद्ध कसे होणार? जमाव त्या वेळी काय ओरडत होता यावरून. आणि ते ऐकणारा पहिला सरकारी कान तिथे सर्वांत आधी पोहोचलेल्या दोन-तीन पोलिसांचाच असतो. त्यांनी आधी माणसे वाचवावीत, यात दुमत नाही. पण नंतर, डायरीत नोंद करताना, 'जमाव संतप्त झाला होता' असे ठरीव वाक्य लिहायचे की ऐकू आलेले शब्द जसेच्या तसे लिहायचे, हे शिकवता येते. माझ्या वाचनात आलेल्या नोंदींत जमाव नेहमी संतप्तच असतो.

बाजारातल्या चोरीकडे पुन्हा एकदा वळतो, कारण लोकांनी पकडलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न तिथेही येतो. खासगी माणसाला अटक करता येते, पण केवळ त्याच्या समोर घडलेल्या, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात किंवा फरारी घोषित आरोपीला; आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या नव्या कलम ४० प्रमाणे त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. साडेचार हजारांचा मोबाइल टोपलीतून अलगद काढणाऱ्याला पकडून ठेवणारे दुकानदार या कलमात बसत नाहीत. कायद्याचे हे टोक कुणालाही विचित्र वाटेल, मलाही वाटते. परंतु गस्तीवरचा शिपाई तिथे पोहोचतो तेव्हा पोराचे ओठ फुटलेले असतात, शर्ट फाटलेला असतो, आणि आता कुणाचा गुन्हा नोंदवायचा हा खरा पेच असतो. आजवर तो पेच पोराला गाडीत घालून सुटत असे.

चित्रीकरणाबद्दल थोडक्यात. झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने सक्तीचे केले आहे, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे आहे. त्यासाठी ई-साक्ष्य हे ॲप आहे. मोबाइल कुणाचा, हे विचारले की वर्गात हशा पिकतो. शिपाई स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर जप्ती चित्रित करणार असेल, तर उद्या बचाव पक्षाने तोच मोबाइल मागितल्यावर काय होईल, हे त्याला आधी सांगणे ही किमान सभ्यता आहे. साधन न देता साधनाचे प्रशिक्षण देणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवणे.

मग करावे काय? मला मोठ्या योजना सुचत नाहीत आणि नव्या प्रबोधिनीची गरजही वाटत नाही. नाशिकची अकादमी आहे, खंडाळा, नानवीज, जालना, तुरची इथली प्रशिक्षण केंद्रे आहेत. तिथे नव्या भरतीला काय शिकवावे हा स्वतंत्र विषय आहे. माझा प्रश्न दहा-पंधरा वर्षे नोकरी झालेल्या, जुन्या कलमांवर हात बसलेल्या अंमलदाराचा आहे. त्याला तीन दिवस बाहेर पाठवून उपयोग नाही, कारण तीन दिवसांत फक्त तक्ता मावतो, आणि मागे ठाण्यात त्याची ड्युटी दुसऱ्याच्या माथी बसते. प्रत्येक ठाण्यात हजेरी होते. आठवड्यातून एका हजेरीला दहा मिनिटे एकच प्रसंग मांडावा, कलम नव्हे. प्रसंग त्याच ठाण्याच्या हद्दीतला असावा, शक्यतो गेल्या महिन्यात खरोखर घडलेला. आधी शिपायांनी सांगावे आपण काय केले असते. मग फौजदाराने किंवा सहायक सरकारी वकिलाने सांगावे कायदा काय करू देतो. त्या दहा मिनिटांची नोंद स्टेशन डायरीत कर्तव्य म्हणून व्हावी, एरवी पहिल्या बंदोबस्ताला ती गळून पडतील.

दुसरी गरज न्यायालयाकडून ठाण्याकडे येणाऱ्या वाटेची आहे. आज एखादी अटक बेकायदा ठरली, तर आदेश तपास अधिकाऱ्यापर्यंत जातो आणि फाइलमध्ये राहतो. ज्या शिपायाने त्या माणसाचा हात धरला होता त्याला ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तो दुसऱ्याचा हात तसाच धरतो. प्रत्येक जिल्ह्यात सरकारी अभियोक्त्यांच्या कार्यालयाने महिन्यातून एकदा, साध्या मराठीत, एका पानावर, आपल्याच जिल्ह्यातल्या न्यायालयांनी कोणत्या चुका दाखवल्या हे लिहून ठाण्यांना पाठवावे. नावे गाळून पाठवले तरी चालेल. ६६अ सारखे एखादे कलम मेले, तर ती बातमीही याच पानावर, ठळक अक्षरात यावी.

आणि प्रशिक्षण झाले की नाही हे मोजायचे असेल तर पर्यायी प्रश्नांची परीक्षा घेऊ नये. ती तक्तावालाच जिंकतो. महिनाभरातल्या दहा एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्यांच्या नोंदी, आणि दहा अटकांचे पहिले कागद काढून पाहावेत. अदखलपात्र गुन्ह्यात माणूस किती वेळ बसवून ठेवला होता, किमतीचा आधार काय लिहिला आहे, अटकेची कारणे कुणाच्या भाषेत दिली आहेत, एवढे पाहिले तरी समजते. पाच हजारांची किंमत कशी ठरवावी याबद्दल पोलीस महासंचालकांच्या कार्यालयाने अभियोग संचालनालयाशी बोलून एक लेखी सूचना काढावी, म्हणजे मागच्या बाकावरच्या हवालदारासारख्या माणसाला प्रत्येक ठाण्यात वेगळे उत्तर मिळणार नाही. तोवर पहिल्या आठवड्याच्या हजेरीसाठी प्रसंग मी सुचवतो: एसटीची पायरी, साडेचार हजारांचा मोबाइल, लोकांनी धरून ठेवलेला एक पोरगा, आणि बाई म्हणते आहे की मला तक्रार नको, फक्त मोबाइल द्या.